बप्पांनी सांगणं सोडलं त्याचं कारण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला थोडं ठाऊक आहे, पण तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी विषय काढला नाही. भावाला तर काहीच ठाऊक नाही. आमच्या वाडीतले बप्पा उभ्या जन्मात वाडीपुढं एकदाच खोटं बोलले आणि ते माझ्यासाठी बोलले. मी समोरच बसलो होतो. मान खाली घालून ऐकून घेतलं.

बप्पा या पौषात गेले. त्यांच्याबद्दल आता वाडीत जो तो बोलतो, आणि बोलताना शेवटी एकच म्हणतो, "शेवटी शेवटी म्हाताऱ्याचं डोकं गेलं व्हतं, काही आठवत नव्हतं त्याला." डोकं गेलं नव्हतं. सगळं आठवत होतं. हे फक्त मला माहीत आहे.

आमची वाडी पाटोद्याच्या वर, बालाघाटाच्या एका सोंडेवर आहे. जीप पायथ्यापर्यंत जाते, पुढं चढ. दिवाळी झाली की वाडीत धडधाकट माणूस राहत नाही. कोयते आणि लेकरंबाळं घेऊन सगळे ऊसतोडीला खाली निघून जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास माघारी येतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शेरडं. ही दोन्ही बप्पांच्या हवाली असायची.

"सारखंच काम हाय," बप्पा म्हणायचे. "शेरडं जरा ऐकत्यात, एवढाच फरक."

उंच, काटकुळे, एक खांदा दुसऱ्याहून वर. धोतरावर कुणातरी पोराचा शाळेतला मरून स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. रोज सकाळी शेरडं सोडायच्या आधी ते वाडीतून एक फेरी मारत. प्रत्येक म्हातारीच्या दारापुढं उभं राहून मोठ्यानं हाक, "हाईस का गेलीस गं?"

आतून शिवी आली की पुढं जायचं. सोनाई म्हणून एक म्हातारी होती, ती रोज नवी शिवी तयार ठेवायची. "तुला पोचवून मंग जाईन रं मुडद्या!" बप्पा बाहेरून म्हणायचे, "कालच्यापेक्षा बरी हाय आजची," आणि पुढच्या दाराला जायचे. नव्या सुनांना हे ऐकून भीती वाटे. म्हाताऱ्यांना मात्र ती हाक आली नाही तर चहा गोड लागत नसे.

थंडीत म्हातारी माणसं जातात. आमच्याकडे दर हिवाळ्यात कुणी ना कुणी जायचं आणि त्याची पोरं तेव्हा शंभर कोसांवर फडात ऊस तोडत असायची. पूर्वी निरोपच पोचत नसे. आता फोन पोचतो, पण टोळी सोडून माणूस पोचत नाही.

यातूनच बप्पांची ती रीत पडली. ऊसतोडीहून माघारी आल्यावर ज्यांच्या घरात कुणी गेलेलं असे ते आपली बोचकी सोडत नसत. चूल पेटवत नसत. सरळ बप्पा शेरडं कोंडायचे त्या वाडग्यापुढं येऊन बसत. बाकीची वाडीही जमायची. बप्पा पालथ्या पाटीवर बसून सांगायला लागत. गेलेलं माणूस कसं जगलं, शेवटच्या महिन्यात काय खाल्लं, कुणाशी भांडलं, कुणाची आठवण काढली, कुणाची काढली नाही आणि कसं गेलं. शेवटी घरातला थोरला एकच विचारायचा, "पाणी कुणी घातलं?" बप्पा नाव सांगायचे. मग लोक उठून घरी जायचे आणि बोचकी सोडायचे.

ते गोड करून सांगत नसत. कुणी मध्येच "लई देवमाणूस व्हता" असं म्हटलं तर चिडायचे. "मेला म्हणून देव झाला व्हय? शेजाऱ्याच्या कुंपणाचे वासे चोरले त्यानं. मी उचलू लागलोय, मला म्हाईत हाय."

एका सालची सोनाईच्या जावेची गोष्ट सगळ्या वाडीला पाठ आहे. ती म्हातारी आता जाते, मग जाते अशी झाली, तिनं गोडीशेव मागितली. बप्पा चढ उतरून पाटोद्याच्या बाजारातून शेव घेऊन आले. "खाल्ली, आन् उठून बसली," बप्पा सांगत होते. "दुसऱ्या दिवशी पुन्हा मरायला लागली. पुन्हा शेव. माझ्या पायाचे तुकडे पडले, पण मरंना. शेवटी मी म्हणलो, आता बाजार बंद हाय गं. तवा गेली." तिचा लेक रडत होता आणि हसत होता.

किसनचं तर वेगळंच झालं. त्याचा बाप गेला तेव्हा बप्पांनी सांगितलं, "शेवटाला म्हणला, त्या हेंबाड्याला सांगा, म्हैस विकली तर भूत होऊन येईन." किसन अंगावरच धावला.

"माझा बाप मरताना मला शिवी दील व्हय रं?"

"दिली. मी काय करू?"

लोकांनी त्याला धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किसन चहाची किटली घेऊन वाडग्यापाशी हजर.

"बप्पा, हेंबाड्याच म्हणला न्हवं?"

"हेंबाड्याच."

"मंग त्यो माझाच बाप व्हता," किसन म्हणाला, आणि तिथंच खाली बसून रडला. म्हैस त्यानं अजून ठेवली आहे, आता तिची नात दूध देते.

बप्पा स्वतः तरुणपणी एकदाच ऊसतोडीला गेले होते. परत आले तर बाप नव्हता. कसा गेला म्हणून दारोदार विचारत हिंडले. एकजण म्हणाला सकाळी गेला, दुसरा म्हणाला सांजच्याला. एकानं सांगितलं झोपेत गेला, दुसऱ्यानं सांगितलं पाणी पाणी करत होता. "प्रत्येकानं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं," बप्पा म्हणायचे. "चार बाप मेले माझे. त्यातला खरा कंचा, अजून कळलं न्हाई." त्यानंतर ते वाडी सोडून कुठं गेले नाहीत. लग्नही राहिलं.

आता माझं.

माझं पाटोद्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वर दोन खोल्या. वडील लवकर गेले. थोरला भाऊ, म्हणजे दादा, दरसाल ऊसतोडीला जातो. त्यानं कोयता धरला म्हणून मी शिकलो. एका दिवाळीला तो टोळीबरोबर निघाला आणि मी आईला पाटोद्याला आणलं. दोन खोल्यांत तिचं मन रमेना. दिवसभर जिन्यात बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला "कुठला रं तू?" विचारायची. खोकायची. बायकोची चिडचिड व्हायची, मीही वैतागायचो. मी तिला परत वर नेऊन सोडलं. बप्पांना म्हणालो, "तिकडची हवा मानवत न्हाई."

"हवा?" बप्पा म्हणाले. "कुणाला?"

मी तिची पिशवी दारात ठेवली. खाली आलो.

पुढं आई अंथरुणाला खिळली. रोज सकाळी बप्पांची हाक जायची, "हाईस का गेलीस गं?" आणि ती आतून म्हणायची, "च्या पिऊन जाते, थांब जरा." हे मला बप्पांनीच फोनवर सांगितलं. वाडीत रेंज फक्त कड्यावरच्या एका खडकावर येते. बप्पा तिथं चढून जायचे, फोन कानाला न लावता हातभर लांब समोर धरायचे आणि पलीकडच्या डोंगरावर कुणी उभं असल्यासारखे ओरडायचे. शेरडू व्यालं तरी फोन. त्यामुळं त्यांचा फोन वाजला की मी बऱ्याचदा घेत नसे.

मार्गशीर्षातला तो दिवस. माझ्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. घर चांगलं होतं, मुलगा नोकरीला. आई ठणठणीत आहे, गावाकडं असते, असं मी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं. घरचे ऊसतोडीला जातात हे सांगितलं नव्हतं. आमची शेती आहे एवढंच म्हणालो होतो.

दुपारी बप्पांचा फोन आला. मी फोन पालथा ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा आला. म्हणजे मधल्या वेळात ते खडकावरून उतरून आईकडं गेले होते आणि पुन्हा चढून आले होते. तेव्हा त्यांचा गुडघा पार गेलेला होता. हे मला त्या क्षणी कळलं, नंतर सुचलं असं नाही. मी फोन घेतला.

"धाकट्या, आई बोलावती. ये."

"बप्पा, मी बीडला आलतो. गाडी बिघडलीय."

तेवढ्यात बायकोचा आवाज आला, "अहो, पाव्हणे बसलेत, आधी पाणी द्या त्यांना." मी फोन खांद्यात दाबला, ट्रे उचलला आणि मुलाच्या वडिलांपुढं धरून म्हणालो, "घ्या, पाणी घ्या."

फोनमधून फक्त कड्यावरचा वारा ऐकू येत होता.  मग बप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाले, "बरं. गाडी नीट झाली की ये."

मी गेलो नाही. आईचं असं बऱ्याच दिवसांपासून चाललंय, असं स्वतःला सांगितलं. ती आज गेली असं कळलं तर सुतक येईल, पाहुणे उठून जातील, हेही मनात आलं. ते खरं कारण होतं. पाहुण्यांचं चहापाणी झालं, मुलगी पसंत पडली. ते गेल्यावर मी निघालो.

वर पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आईला खाली घेतलेलं होतं, तोंड पुसलेलं, ओठांवर तुळशीचं पान. बप्पा बाहेर शेरडांना आत घालत होते.

"कधी गेली?" मी विचारलं.

"आत्ता न्हाई सांगत," बप्पा म्हणाले. "पाडव्याला समद्यांसंगं सांगंन."

आईचं सगळं मी केलं. मडकं मी धरलं. दादाला टोळीच्या मुकादमानं सोडलं नाही. तो फोनवर लहान पोरासारखा रडत होता आणि मी त्याला धीर देत होतो.

त्यानंतरचा सगळा हिवाळा मी पाडव्याच्या भीतीत काढला. आईचं दुःख झालं का, असं मला कुणी विचारलं तर खरं उत्तर असं आहे की दुःख करायला जागाच नव्हती. वाडीपुढं बप्पा काय सांगतील, हेच डोक्यात घोळत होतं. बप्पा कुणाला सोडत नसत. मला का सोडतील?

म्हणून मी एक काम केलं. ते सांगायला सगळ्यात जड जातंय. बप्पांसाठी चांगला लोकरीचा स्वेटर विकत घेतला आणि वर जाऊन दिला. बप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"मला हाय की स्वेटर," ते म्हणाले.

"असू द्या बप्पा, थंडी लई हाय."

"ठेव."

पुन्हा गेलो तेव्हा तो स्वेटर एका नुकत्याच जन्मलेल्या करडाच्या अंगात होता. बाह्यांतून पुढचे पाय काढलेले. करडू माझ्याकडं बघून ओरडत होतं. 

पाडव्याला टोळ्या आल्या. दादा ट्रॅक्टरमधून उतरला तो बोचक्यासकट वाडग्यापुढं येऊन बसला. मी त्याच्या शेजारी. त्या साली आणखी एक म्हातारा गेला होता. बप्पांनी आधी त्याचं सांगितलं, मग आईचं. आईनं सोनाईशी तंबाखूवरून केलेलं भांडण सांगितलं. मला लहानपणी ती उपाशी ठेवून मारायची, तेही सांगितलं. शेवटी ती सारखं दादाचं म्हणत होती, "थोरल्याचं कांबळं हितंच ऱ्हायलंय, फडात त्याला थंडी लागंल." दादा गुडघ्यात डोकं घालून ऐकत होता. पाटोद्याहून ती परत कशी आली यावर बप्पा म्हणाले, "तिकडं करमंना, आली." तिथंच मला कळायला हवं होतं की ते वाट सोडून चाललेत.

मग दादानं डोकं वर केलं. "बप्पा, आईला पाणी कुणी घातलं?"

बप्पांनी माझ्याकडं पाहिलं. ते लगेच बोलले नाहीत. मी बोलावं एवढा वेळ त्यांनी मला दिला. सगळी वाडी बसली होती. मागं एक शेरडू शिंकलं, कुणीतरी त्याला दामटलं. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

"धाकट्यानं घातलं," बप्पा म्हणाले.

दादा माझ्या गळ्यात पडला. वयानं एवढा मोठा माणूस, हात कोयत्यानं फाटलेले. "तू व्हतास बाबा," तो म्हणत होता. "मी न्हवतो. तू व्हतास." मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. तो हात माझाच होता याची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून दादा मला वेगळंच मानतो. कुणी पाहुणा भेटला की सांगतो, "आईच्या वख्ताला ह्योच व्हता." त्याला वाटतं तो कमी पडला. तो फडात होता, टोळीत अडकलेला. मी जीपनं तासाभराच्या अंतरावर होतो.

पुढच्या पाडव्याला किसनची चुलती गेली होती. तिची लेक टोळीतून आली, बोचकं मांडीवर घेऊन वाडग्यापुढं बसली. बप्पा शेरडांना पाला टाकत राहिले.

"बप्पा, सांगा की."

"मला आठवत न्हाई."

"असं कसं आठवत न्हाई? परवाची तर गोष्ट."

"न्हाई आठवत."

"पाणी तरी कुणी घातलं?"

"मला इचारू नको गं पोरी."

ती पोर तीन दिवस बोचकं न सोडता राहिली. मग लोकांनी समजूत घातली की म्हातारा थकला. चौथ्या दिवशी तिनं रडत रडत गाठ सोडली.

मी त्याच आठवड्यात वर गेलो. बप्पा एकटेच होते.

"बप्पा, कावून सांगत न्हाई तुमी?"

"तुला म्हाईत न्हाई?"

मी पाल्याची एक फांदी उचलून शेरडांपुढं टाकली.

"आता मी खरं सांगितलं तरी त्ये खरंच हाय, हे कशावरून?" बप्पा म्हणाले. "लोकांना न्हाई कळायचं. मला कळतंय. एकदा चव लागली, थोरल्याचं तोंड बघवलं न्हाई म्हणून माझ्या हातचं पाणी तुझ्या नावावर सांगितलं. उद्या दुसऱ्याचं बघवणार न्हाई. मंग माझ्या बापाचं झालं तसं समद्यांच्या बापाचं व्हणार."

"मग माझं सांगून टाका. मी उभा ऱ्हातो."

"त्ये माझं न्हाई सांगायचं," बप्पा म्हणाले. "तुझं हाय. तू सांग, मंग मी पुन्हा बसतो पाटीवर."

एवढं सोपं होतं. मी हो म्हणालो. पुढच्या पाडव्याला सांगतो म्हणालो. लांबत गेलेलं मुलीचं लग्न त्या पाडव्याला ठरलेलं होतं. त्याच्या पुढच्या पाडव्याला ती बाळंतपणाला आली होती. तिचं सासर त्या दिवशी आलेल्याच पाहुण्यांचं. ती सुखात आहे. तिच्या सुखाकडं मला नीट बघता येत नाही, आणि तिला त्याचं कारण ठाऊक नाही. एका पाडव्याला तर मी तापाचं निमित्त करून वर गेलोच नाही.

बप्पा मला पुन्हा कधी काही म्हणाले नाहीत. भेटलो की "गाडी बरी हाय का?" एवढंच विचारायचे. इतरांना वाटायचं ते माझ्या जुन्या मोटारसायकलीची चौकशी करतात.

या वर्षांत वाडीतली बरीच म्हातारी माणसं गेली. सोनाई गेली. किसनचा काका गेला. कोण कसं गेलं, कुणी पाणी घातलं, काही कुणाला कळलं नाही. आता टोळी आली की लोक ट्रॅक्टरवरून उतरतात आणि बोचकी सोडतात. बसायचं असतं हेच नव्या पोरांना ठाऊक नाही. बप्पांची सकाळची फेरी मात्र सुरू होती.

पौषात पाटोद्याच्या बाजाराला आलेल्या एका मेंढक्यानं मला बप्पांची बातमी सांगितली. मी दुकान बंद करून गेलो. वाडीत उचलायला माणसं नव्हती. त्या मेंढक्याचे दोन भाऊ, मी आणि एक म्हातारा. सोनाईची धाकटी बहीण गजराबाई दारात बसून होती. ती म्हणाली, "सकाळी कुणी हाक मारली न्हाई. तवाच म्हणलं, गेला." मी विचारलं, "पाणी कुणी घातलं?" ती म्हणाली, "कुणाला म्हाईत. एकटाच व्हता."

माती झाल्यावर तिनं माझा हात धरला. "आता आमचं कोण सांगंल रं? तू सांगत जा. आईला शेवटचं पाणी तू घातलंस, तुला जमंल."

मी तेव्हाही गप्प बसलो.

हे लिहून काही फिटत नाही, हे मला कळतं. दादाला वाचता येत नाही. त्यामुळंच मला हे लिहायचं धाडस झालं, हेही लपवण्यात आता अर्थ नाही. पाडव्याला त्याची टोळी येईल. आईला पाणी बप्पांनी घातलं, मी घातलं नाही, मी खोटं बोललो आणि माझ्यामुळंच बप्पांनी सांगणं सोडलं, हे वाडग्यापुढं बसून, सगळ्या वाडीदेखत, दादाच्या तोंडाकडं बघत सांगणं, एवढं मी दादाचं आणि वाडीचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.